थोरल्या फानांच्या पाठीखालची जागा

आमच्या शांग-वो गावात एखादी पाटी सरळ टांगलेली दिसली, तर ती कोणी सरळ केली हे विचारायची गरज नसते. कू छाय-श्या तिथून गेलेली असते.

मी आ-च्यू. वर घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, डोंगराच्या अगदी पायथ्याशी माझं दुकान आहे. तांदळाच्या रुंद शेवया, वर तळलेला कांदा, सोबत आंबवलेल्या मोहरीच्या पाल्याचं सूप. एवढंच मिळतं. ज्याचं एवढ्यावर भागत नाही त्याने खाली शहरात जावं, मी अडवलेलं नाही. छाय-श्या आणि मी शाळेत एका बाकावर बसायचो. गाव तिला श्या म्हणतं, धाकटे श्या ताई म्हणतात, आणि मी चिडले की काय म्हणते ते इथे लिहिण्यासारखं नाही. पन्नाशी उलटलेली बाई, बुटकी, खांदे रुंद, गालात सदा एक खारवलेलं आलुबुखार. दुकानात शिरली की आधी भिंतीवरच्या कॅलेंडरला बोट लावून ते सरळ करते, मग टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा सारते, आणि मग म्हणते, "आ-च्यू, भूक लागलीय गं."

माझ्या पुतण्याच्या लग्नात नवरानवरी वडीलधाऱ्यांना चहा देत होते, फोटोवाला तयार होता, आणि ही बया स्टुलावर चढून मागचं लाल कापड ओढत होती. त्या फोटोत नवरीच्या डोक्यावर हिचा हात आला आहे. नवरीच्या आईने तो आशीर्वाद समजून चौकटीत लावला.

"तुझ्या डोळ्यांत काय पाणसळ बसवलीय का?" मी एकदा विचारलं.

"तुझ्या डोळ्यांत नाही बसवली, म्हणून तर तुझं सूप वाडग्याबाहेर असतं."

नवऱ्यालाही तिने सरळ करून पाहिलं. तो वाकड्यात शिरला, तेव्हा एके सकाळी त्याची बॅग भरून, शर्टांना नीट घड्या घालून, तिने ती बसथांब्यावर नेऊन ठेवली. तो पहिल्या बसने गेला. त्यानंतर ती आपल्या वडिलांकडे राहायला आली आणि तिचं एकंदर बरं चाललं.

तिचा धंदा डोंगर धरून ठेवण्याचा. आमचे डोंगर भुसभुशीत आहेत. वर माती आणि गोट्यांचा जाड थर, खरा खडक आत खूप खोल. पाऊस मुरला की वरचा थर खाली यायला बघतो. म्हणून रस्त्याच्या बाजूला उतारावर काँक्रीटची चौकट घालतात आणि त्या चौकटीतून आत, जरा खालच्या अंगाला, खडक लागेपर्यंत भोक पाडत जातात. भोकात पोलादी दोरांचा जुडगा सारायचा, त्याचं आतलं टोक पातळ सिमेंट भरून खडकात पक्कं करायचं. बाहेरचं टोक जॅकने ताणायचं आणि पाचरी ठोकून जाड लोखंडी प्लेटवर अडकवून टाकायचं. याला अँकर म्हणतात. जहाजाचा नांगर जहाजाला धरतो, हा डोंगराला धरतो. वरून एक टोपी बसवली की झालं. लोक त्याखालून स्कूटर चालवतात आणि पुढे कोणी वर बघत नाही.

श्या बघते. दोराला लटकून ती एकेक टोपी उघडते, पाचरी तपासते, आणि शंका आली तर जॅक लावून दोर पुन्हा ओढून पाहते. कुठल्या जोराला पाचरी धरणारं लोखंडी डोकं प्लेटवरून केसभर उठतं, त्यावरून आतली पकड कळते. वीस-बावीस वर्षांची होती तेव्हा ती बापाच्या टोळीसाठी भात शिजवायला डोंगरावर जायची. एकदा जॅकवाला तर्र होऊन आला. वांग काकांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी (आडनाव कू, वांग हे नाव), त्याला हाकलून दिलं आणि पोरीला हाक मारली. "भातावरचं झाकण कधी उचलतं ते तुला कळतं ना? मग हेही कळेल. ये इकडे. आणि अँकरच्या तोंडासमोर कधी उभी राहू नकोस." ती गेली ती गेलीच, त्या दिवशीचा भात करपला.

यंदाच्या वसंतात रस्तेवाल्यांनी आमच्याच गावावरचा उतार तपासायला काढला. काम श्याच्या कंपनीला मिळालं. हा उतार पूर्वी वांग काकांच्या टोळीनेच बांधला होता. त्याच्या माथ्यावर फान घराण्याची समाधी आहे, घोड्याच्या नालेसारखी, पुढे दगडी फरशी, दोन्ही बाजूंना कवेत घेतल्यासारख्या भिंती. सात-आठ पिढ्यांची हाडं तिथे मडक्यांत घालून ठेवली आहेत. चौकटीच्या खाली रस्ता, रस्त्याच्या अलीकडे सहा घरं आणि माझं दुकान.

कंपनीचा इंजिनिअर श्यू चांगला पोरगा आहे, शेवयांत मिरची जास्त घालून घेतो एवढाच दोष. त्याने मशीन लावून मोजलं आणि त्याचा चेहरा पडला. तो श्याला म्हणाला, "ताई, वरची ओळ बघा. प्लेटा सरळ रेषेत आहेत, पण आतले दोर सरळ गेलेले नाहीत. डावीकडचे डावीकडे फाकलेत, उजवीकडचे उजवीकडे. दोर प्लेटच्या कडेला घासतायत. आणि मधे, अगदी मधे, आत काहीच नाही. असं कसं झालं? मशीन एकदा सरकलं असेल, दहादा कसं सरकेल?"

श्याने टोप्यांखालचे गंजाचे ओघळ पाहिले. डावीकडच्यांचे एका कडेला, उजवीकडच्यांचे दुसऱ्या. म्हातारा माणूस येताना दिसला की गल्लीतली माणसं दोन्ही बाजूंना सरकतात, तसे ते अँकर सरकले होते. तिने मान वर केली. वर बरोब्बर फानांची समाधी होती.

"मशीन सरकलं नाही," ती म्हणाली. "कोणीतरी वाट सोडलीय."

ती तशीच दोराच्या पट्ट्यासकट माझ्या दुकानात आली. वांग काका नेहमीच्या कोपऱ्यात बसले होते. ऐंशी पार केलेले, कानाने जरा कमी, जिभेने पूर्ण.

"बाबा, वरच्या ओळीतले अँकर तुम्ही तिरके मारलेत."

"मारलेत," म्हातारा सूप पीत म्हणाला. जसं काही तिने विचारलं होतं, जेवलात का.

"का?"

"का म्हणजे? सरळ मारले असते तर थिएन-लुच्या घराण्याच्या पाठीतून गेले असते. त्याने मला विचारलं, 'वांग, आमच्या पूर्वजांना टोचणार तर नाहीस ना?' मी म्हटलं, नाही टोचणार. शब्द दिला. मग मशीनचं तोंड फिरवलं, अर्ध्यांचं इकडे, अर्ध्यांचं तिकडे. सगळे खडकात पोचवले बरं. एकही हवेत नाही ठेवला."

"आणि मधली जागा?"

"मधली जागा त्यांची."

या थिएन-लुला आम्ही थोरले फान म्हणायचो. मोठा हसरा माणूस. रोज दुपारी वांग काकांबरोबर बुद्धिबळ खेळायचा, सोंगट्या चोरायचा आणि पकडला गेला की अख्ख्या गावाला ऐकू जाईल असा हसायचा. तो जाऊन बरीच वर्षं झाली. आता तोही त्याच समाधीत आहे, त्याच मोकळ्या जागेच्या वर.

श्याने चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. त्या तिरक्या पडल्या होत्या आणि तिने त्या सरळ केल्या नाहीत, म्हणून मला काळजी वाटली.

"बाबा, तिथे नवे मारायला हवेत. सरळ, समाधीच्या खालून. यंदाचा पाऊस त्या मधल्या भागाला बाहेर ढकलेल. मग समाधी पण नाही आणि ही आ-च्यू पण नाही."

"मला कशाला मारतेस गं मधेच?" मी म्हटलं.

वांग काकांनी वाडगा ठेवला. "ऐक. मी दिलेला शब्द माझ्याच पोरीने मोडला, तर मी तिच्या हातचं पाणी पिणार नाही."

हे बोलणं हवेतलं नव्हतं. म्हातारा रोज सकाळ-संध्याकाळ तिच्याच हातचं जेवत होता. ती त्याची नखं कापायची, त्याच्या चपलेचा पट्टा आवळायची, आणि त्याची बडबड ऐकायची, जे सगळ्यात अवघड. तिकडे डोंगर, इकडे बाप. दोन्हींपैकी एक सुटणार असं दिसत होतं.

तरी ती डगमगली नाही, हे तिच्या बाजूने सांगायला हवं. दुसऱ्याच दिवशी ती फानांच्या घरी गेली, मला सोबत घेऊन. जमीन फानांची, त्यांच्या होकाराशिवाय समाधीखालून भोक पाडता येत नाही. घराण्याचा आताचा कर्ता फान वेन-ख्वेइ, थोरल्या फानांचा मुलगा. आयुष्यभर घाटात बस चालवली. त्यामुळे समोरचा माणूस त्याला कायम चुकीच्या बाजूने येतोय असं वाटतं.

"ख्वेइ दादा, तुमच्या समाधीखाली आधार नाही," श्याने सुरुवातच तिथून केली.

"आमच्या समाधीखाली डोंगराची नाडी आहे," तो म्हणाला. "तिच्या जोरावर आमचा धाकटा डॉक्टर झाला, पुतणीला जुळे झाले. आणि तू तिथे खिळे ठोकणार? बापाच्या कंबरेत?"

"कंबरेत नाही, कंबरेच्या खाली खूप खोलवर. उशी देतोय असं समजा."

"तुझ्या बापाला ठोकून घे आधी उशी."

"त्यांना मान्य नाही, म्हणून तर तुमच्याकडे आले."

ख्वेइ हसला, पण बापासारखा नाही, नाकातून. "बघ, तुझा बाप तुझ्यापेक्षा शहाणा. माणसाने शब्द दिला म्हणजे दिला. आणि त्या फरशीवर तुमच्या माणसांनी पाय ठेवायचा नाही. वर्षाच्या पहिल्या महिन्यात पूजेला आम्ही जातो, तेवढंच. बाकी वर्षभर त्यांना झोपू द्या."

परत येताना मी त्याला यथेच्छ शिव्या घातल्या. पुलावर श्या थांबली आणि वरच्या उताराकडे बघत राहिली. घाटावरची झाडं तेव्हा फुललेली असतात, पांढरी फुलं दिवसभर गळतात आणि सगळा डोंगर झाकतात.

"आ-च्यू, मला बाबांचा राग येत नाही," ती म्हणाली. "त्यांनी गाठ मारली ती चांगलीच मारली. पण ती सोडायची कशी?"

मग तिने तोवर जे करता येत होतं ते केलं. तिरक्या अँकरांची तोंडं सरळ करायला घेतली. जॅकने ताण सोडवायचा, प्लेट काढायची, तिच्याखाली उतरती घडवलेली जाड लोखंडी पट्टी घालायची. मग प्लेटचं तोंड दोराच्या दिशेला वळतं आणि दोर कडेला घासत नाही. मग पुन्हा ताणायचं, पुन्हा पाचरी. एका वेळी एकच, शेजारचे दोन ओझं घेतील या हिशोबाने. वांग काका माझ्या दुकानाबाहेर खुर्ची टाकून दिवसभर वर बघत बसायचे आणि दोष काढायचे.

"पाचर उजवीकडची आधी ठोक! उजवीकडची!"

"दोन्ही एकदम ठोकतात आता, बाबा!" ती वरून ओरडायची.

"आता म्हणे! आता काय, डोंगर बदललाय?"

एके दिवशी ती दोरावरून उतरली, हातांचं ग्रीस पुसलं आणि सरळ बापासमोर उकिडवी बसली. "बाबा, शब्द तुम्ही कोणाला दिला?"

"थिएन-लुला. किती वेळा सांगू?"

"ख्वेइ दादाला नाही दिला?"

"तो तेव्हा बस शिकत होता आणि लोकांच्या कोंबड्या मारत होता."

"मग शब्द परत घ्यायचा तर थिएन-लु काकांनाच विचारायचं. ख्वेइ दादाला कशाला, आणि तुम्ही तरी एकट्याने का ठरवायचं? कौल लावू."

आमच्याकडे मेलेल्या माणसालाही विचारता येतं. लाकडाचे दोन चंद्रकोरीसारखे तुकडे असतात, एक अंग सपाट, एक फुगीर. ते टाकायचे. एक सपाट वर आणि एक फुगीर वर, म्हणजे हो. दोन्ही फुगीर वर, म्हणजे नाही. दोन्ही सपाट वर आले तर तो हसतोय, पुन्हा विचारा. म्हाताऱ्याने काठी जवळ ओढली. मग म्हणाला, "मला कोणी उचलून न्यायचं नाही. मी चढेन."

ख्वेइला हा निरोप मी दिला. त्याला वाटलं होतं भांडण येईल, आली परवानगीची विनंती. बापाला विचारू नका असं कुठला मुलगा म्हणेल? तो डोकं खाजवत म्हणाला, "या. पण तो 'नाही' म्हणाला तर पुन्हा तोंड काढायचं नाही."

"नाही काढणार," श्या म्हणाली. मला तिच्या पाठीत एक रपाटा घालावासा वाटला. खाली दुकान माझं होतं.

चांगला दिवस बघून आम्ही चढलो. ख्वेइ, त्याचा एक पुतण्या, श्या, मी, आणि सगळ्यांच्या पुढे काठी टेकत वांग काका. दर वळणावर ते थांबायचे आणि आम्ही दमलो का असं विचारायचे. समाधीची फरशी गळलेल्या फुलांनी पांढरी झाली होती. ख्वेइने चटकन कबरीच्या दगडापुढची जागा झाडली, उदबत्त्या लावल्या, आम्ही वाकलो. वांग काका गुडघ्यांवर बसले. त्यांना बसवायला श्या पुढे झाली, तिचा हात त्यांनी झटकला.

"थिएन-लु," ते मोठ्याने म्हणाले, कारण स्वतःला ऐकू येत नाही म्हणून त्यांना सगळेच बहिरे वाटतात. "मी वांग. तुला दिलेला शब्द मोडू का?"

लाकडं पडली. दोन्ही सपाट वर.

"हसला," पुतण्या म्हणाला.

"हसेलच," ख्वेइ म्हणाला. "शब्द मोडू का असं विचारल्यावर माणूस हसेल नाहीतर काय करेल?"

म्हाताऱ्याने लाकडं गोळा केली, कपाळाला लावली. "बरं. पोर म्हणते, तुझ्या खालून अँकर न्यायचेत. नेऊ दे का?"

पुन्हा दोन्ही सपाट.

श्या माझ्या शेजारी उभी होती. तिने माझं मनगट धरलं होतं आणि ते दुखेपर्यंत आवळलं होतं. आयुष्यभर लोखंडाशी झुंजलेली बाई, आणि दोन लाकडाच्या तुकड्यांकडे बघून तिचे ओठ सुकले होते. पुढचा कौल 'नाही' आला असता तर तिने आपला शब्द पाळला असता. मला ती माहीत आहे.

वांग काका मात्र भडकले. "हसतोस काय लेका! डावातही असाच हसायचास, माझा घोडा मांडीखाली दाबून! नीट उत्तर दे!" आणि त्यांनी लाकडं अशी आपटली की ती टणकन उडाली. एक जागेवर पडलं, सपाट अंग वर. दुसरं फरशीवरून घरंगळत कडेच्या फुलांत गेलं आणि दिसेनासं झालं.

"कसं पडलंय? बघ, कसं पडलंय?" म्हातारा ओरडायला लागला.

"कोणी हात लावू नका!" ख्वेइ ओरडला. "मी बघतो!"

पण श्या आधीच गुडघ्यांवर गेली होती. हात न लावता तिने फुंकर मारून फुलं बाजूला केली. मग थांबली. मग आणखी फुंकर मारली, आणखी लांबवर, एका बाजूच्या भिंतीपासून दुसऱ्या बाजूच्या भिंतीकडे.

"ख्वेइ दादा," ती हळू म्हणाली, "इकडे या. तुम्हीच बघा."

लाकूड पडलंच नव्हतं. ते उभं होतं, फरशीतल्या एका भेगेत अडकून. भेग फुलांखाली फरशीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली होती, किंचित वाकलेली, कबरीला पोटाशी धरून. दगडही तुटले होते आणि सांधेही उघडले होते. बाहेरची बाजू आतल्या बाजूपेक्षा बोटभर खाली बसली होती.

"उभा कौल!" पुतण्या म्हणाला. "काका, उभा कौल म्हणजे काय असतं? हो की नाही?"

"उभा कौल म्हणजे तुझं डोकं," ख्वेइ म्हणाला, पण आवाजात जीव नव्हता. तो खाली बसला. भेगेत त्याने एक बोट घातलं. ते गेलं. मग दोन घातली. पहिल्या महिन्यात ही फरशी त्याने स्वतः ब्रशने घासली होती, तो दरवर्षी घासतो, दुसऱ्या कोणाला घासू देत नाही.

"हे तेव्हा नव्हतं," तो म्हणाला. "श्या, हे नव्हतं गं तेव्हा."

"माहितेय. खालची मधली जागा पुढे सरकतेय. वरचं तिच्यामागे ओढलं जातंय."

ख्वेइने कबरीच्या दगडाकडे पाहिलं, त्यावर आपल्या बापाचं नाव होतं, आणि मग उताराकडे. "म्हणजे बाबा ब्रेक नसलेल्या गाडीत बसलेत," तो म्हणाला. आणि हा माणूस, ज्याला मी जन्मात कधी नरम पडलेलं पाहिलं नव्हतं, त्याने फरशीवर पालथा पंजा टेकवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर टेकवतात तसा.

वांग काका काठीच्या आधाराने तिथवर आले होते. त्यांनी भेग पाहिली. त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती, ते आयुष्यभर डोंगराच्या भेगा बघत आले होते. त्यांचा चेहरा एकदम लहान झाला.

"अरे थिएन-लु," ते म्हणाले, "तू घसरतोयस आणि मी खाली बसून तुझा शब्द सांभाळतोय." ते रडत होते आणि ते लपवत नव्हते. "हसत होतास ते बरोबरच होतं. मीच मूर्ख." मग त्यांनी मुलीकडे वळून नाक पुसलं. "काय बघत बसलीस? सरळ मार. बरोब्बर त्याच्या खालून. आणि खडक लागेपर्यंत थांबू नकोस."

ख्वेइने ते लाकूड भेगेतून काढलं आणि खिशात ठेवलं. खाली उतरताना तो वांग काकांच्या पुढे चालला, म्हणजे पडलेच तर त्याच्यावर पडावेत.

त्यानंतर सगळं झपाट्याने झालं. श्यूने रस्तेवाल्यांना हलवलं, भेग भरून वर ताडपत्री टाकली, मशीन आलं. पहिल्या भोकाच्या दिवशी ख्वेइने खालून उदबत्ती दाखवून बापाला सांगितलं, "बाबा, जरा आवाज होईल, अर्धा डोळा उघडा ठेवा." वांग काकांनी खुर्ची वरच्या पायवाटेवर, मशीनजवळ नेली आणि चौकटीवर तळहात ठेवून बसले. माती, गोटे, पुन्हा माती. मग मशीनचा आवाज बदलला, खणखणीत झाला, आणि म्हाताऱ्याने श्याकडे पाहिलं. तिनेही त्याच क्षणी त्याच्याकडे पाहिलं. श्यू आपल्या काट्याकडे बघून म्हणाला, "खडक." बापलेकीने एकदम मान डोलावली, जणू तो उशिरा आला होता.

सिमेंट वाळल्यावर दोर ताणायचा दिवस आला. श्याने सगळ्यांना अँकरच्या तोंडासमोरून हटवलं, ख्वेइला तर दंडाला धरून. जॅक कण्हला, दोर ताठ झाले, काटा चढत गेला आणि जिथे थांबायला हवा तिथे थांबला. दुसऱ्या दिवशीही तिथेच होता.

"धरलंय," ती म्हणाली. आलुबुखाराची बी गालात या बाजूने त्या बाजूला गेली. तिच्या आनंदाची एवढीच खूण असते, पण त्या दिवशी तिने माझ्याकडे दोन वाडगे शेवया मागितल्या.

दुसरा वाडगा संपत आला तेव्हा वांग काकांनी विचारलं, "आणि माझे जुने? काढून टाकणार?"

"कशाला काढू? खडकात पोचलेत, पकड पक्की आहे. मी फक्त तोंडं सरळ केली. भोकं तुमचीच आहेत, बाबा. तिरकी ती तिरकीच."

"म्हणजे माझं चुकलं नव्हतं."

"चुकलं होतंच. पण मजबूत चुकलं होतं."

म्हातारा यावर खूप वेळ विचार करत होता आणि शेवटी खूश झाला. तिच्या हातचं पाणी त्याने पिऊन टाकलं.

उन्हाळ्याच्या शेवटी वादळ आलं. आम्हाला सगळ्यांना शाळेत नेऊन ठेवलं होतं. पलीकडच्या ओढ्याचा एक काठ गेला, पूल बंद झाला. परत आलो तेव्हा माझी पाटी उडाली होती, खुर्च्या रस्त्याभर पसरल्या होत्या, आणि उतार जागच्या जागी होता. टोप्यांवरून पाणी निथळत होतं. श्याने आधी डोंगराकडे पाहिलं आणि मग माझी पाटी शोधायला गेली.

नव्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात, पौर्णिमेचा कागदी कंदिलांचा सण झाल्यावर, फान समाधीच्या पूजेला निघाले, तेव्हा ख्वेइने आम्हाला बोलावलं. परक्या आडनावाच्या माणसांना समाधीवर जेवायला बोलावत नाहीत. त्याने बोलावलं. मी शेवया नेल्या. पूजा झाल्यावर आमच्यात पिवळे कागद कोंबडीच्या रक्ताचा ठिपका लावून कबरीवर दगडाखाली दाबून ठेवतात, घरचं कोणी येऊन गेलं याची खूण म्हणून. कबरीवर कागद लावून झाले. ख्वेइच्या हातात बरेच उरले होते.

"हे खाली," तो म्हणाला आणि पायवाटेने उतरला. समाधीच्या खालच्या ओळीत, वाकून हात पोचेल तिथे, नव्या अँकरांच्या टोप्या होत्या. त्याने प्रत्येकीवर एकेक कागद ठेवला आणि वर गोटा ठेवला. "बाबांना धरतायत," तो कोणालाच उद्देशून नाही असं म्हणाला. "म्हणजे घरचेच."

मागून काठीचा आवाज आला. "आणि माझे?" वांग काका दम खात म्हणाले. "बाजूचे माझे. ते काय परके?"

ख्वेइ वळला आणि हसला. असा हसला की खाली रस्त्यावर एका बाईने स्कूटर थांबवून वर पाहिलं. थोरले फान गेल्यापासून मी तसं हसू ऐकलं नव्हतं, आणि माझे डोळे भरून आले, यात लाजायचं काय आहे?

त्याने एक कागद म्हाताऱ्याला दिला. वांग काकांनी काठी श्याकडे सोपवली आणि आपल्या तिरक्या अँकरांपैकी सगळ्यात जवळच्याच्या टोपीवर तो ठेवला. कागद पार वाकडा बसला, एक कोपरा टोपीबाहेर लोंबत होता. तसाच त्यांनी वर गोटा दाबला आणि मागे सरून पाहिलं.

मी श्याकडे बघत होते. तिचा हात आता पुढे जाणार, मला पक्कं ठाऊक होतं. तो हात कमरेपर्यंत वर आलाही. मग तिने तो बापाच्या पाठीवर ठेवला.

"बरोबर बसलाय, बाबा," ती म्हणाली.